पासंग

वजनाच्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात दाराजवळ एक तराजू होता, दोन पारडी, आठ साखळ्या, बारा ढीग, चाळीस नोकर आणि एक बादशहा. ढिगांमध्ये पहिला सोन्याचा होता आणि बारावा मिठाचा. दाराबाहेर दोनशे दहा फकीर बसले होते. बादशहांना चार रेशमी दोऱ्यांनी उजव्या पारड्याच्या साखळ्यांशी बांधलं होतं, कारण मोकळं सोडलं की ते वर जाऊन छताला लागत. गेल्या आठवड्यात ते असे दोनदा लागले होते, आणि दोन्ही वेळा झुंबरं पुसायच्या शिडीवर चढून त्यांना खाली आणावं लागलं होतं.

निंबाजी तोलणाऱ्यानं सगळं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडे तेच आले. मग तो काट्यासमोरच्या फरशीवर जाऊन उभा राहिला. तीस वर्षं तो याच फरशीवर उभा राहत आला होता आणि तिच्यात त्याच्या पावलांचे दोन खळगे पडले होते.

रिवाज साधा होता. वाढदिवशी बादशहांना तराजूत बसवायचं. समोरच्या पारड्यात एकामागून एक बारा जिन्नस घालायचे, सोन्यापासून मिठापर्यंत, आणि बादशहांच्या वजनाइतकं जे भरेल ते दाराबाहेर वाटून टाकायचं. काटा सरळ झाला की तोलणाऱ्यानं मोठ्यानं वजन सांगायचं. एकदा काटा मधोमध स्थिर झाल्यावर नगारा वाजेपर्यंत पारड्याला कुणी बोट लावायचं नाही, तोलणाऱ्यानं तर नाहीच नाही. आणि वजन गेल्या वर्षीपेक्षा कमी भरता कामा नये.

निंबाजीच्या आधी हे काम त्याच्या काकांकडे होतं. थोरल्या बादशहांच्या छावणीबरोबर हे घर पैठणहून उत्तरेला आलेलं. काकांनी एका वर्षी एक तोळा कमी सांगितलं, कारण एक तोळा कमी होतं. दुसऱ्या दिवसापासून ते दरबारात कुणाला दिसेनात. ते येत, मुजरा करत, आपल्या जागी उभे राहत, पण दिसत नसत. पुढे त्यांच्या जोड्यांचा आवाजही येईनासा झाला, तेव्हा ते कंटाळून पैठणला गेले असावेत असं लोकांनी ठरवलं.

आत्ताचे बादशहा तख्तावर बसले तेव्हा दोन मण तीन शेर भरले होते. देखणा, हसतमुख माणूस. गाण्यातला जाणकार. तीनशे अत्तरं डोळे मिटून ओळखायचा आणि कबुतराच्या नुसत्या फडफडीवरून त्याची जात सांगायचा. पहिली सहा वर्षं वजनात गुंजेचाही फरक पडला नाही. सातव्या वर्षी त्यांनी फिर्यादी ऐकणं जरा कमी केलं आणि ते नऊ मासे, म्हणजे पाऊण तोळा, कमी भरले.

काटा केसभर कलला होता. सगळा दरबार बघत होता. निंबाजीला काका आठवले. त्याच्या कनवटीला बायकोचं, येसूचं, एक जोडवं होतं. सैल झालं म्हणून सोनाराकडे द्यायला तिनं सकाळीच काढून दिलेलं. तेही नऊ माशांचं. पारड्यावरचं मखमली कापड सारखं करतोय असं दाखवत तो वाकला आणि त्यानं ते जोडवं पारड्याच्या खालच्या कडीत अडकवलं. काटा सरळ झाला. "दोन मण तीन शेर," निंबाजी म्हणाला आणि नगारा वाजला.

तराजूचं एक पारडं हलकं असलं तर खालून काहीतरी बांधून ते जुळवतात, त्याला पासंग म्हणतात. बाजारातला दाणेवालाही हे करतो. फक्त दाणेवाला संध्याकाळी पासंग सोडून घरी नेतो. दरबारचा तराजू मात्र नगारा वाजताच खजिन्यात जाई, त्याच्या पेटीवर लाख लागे, आणि तो पुढच्या वाढदिवसापर्यंत बाहेर येत नसे. जोडवं तिथंच राहिलं.

आठव्या वर्षी बादशहांनी फिर्यादी ऐकणं बंदच केलं. म्हणजे कुणाला मनाई केली नाही, फक्त दिवाणखाना लांब होऊ दिला. दार एका टोकाला, तख्त दुसऱ्या टोकाला, आणि मधलं अंतर रोज वाढायचं. लोक आत शिरताना तीन दिवसांची भाकरी बांधून घेऊ लागले. त्यांतला एक विणकर अजून चालतोय. सगळे गप्प झाले की लांबून त्याची पावलं ऐकू येतात. त्या वर्षी बादशहा अकरा शेरांनी हलके झाले.

नवव्या वर्षी त्यांची आई गेली. रडायला त्यांनी एक माणूस नेमला. तो चांगला रडतो, अजून कामावर आहे. चार शेर गेले. दहाव्या वर्षी पूर्वेचा सुभा हातचा गेला. हरकारा पत्र घेऊन आला तेव्हा गाणं चाललं होतं. "हा खयाल संपला की वाचा," बादशहा म्हणाले. खयाल अजून चालू आहे. गवई मधल्या काळात दोनदा म्हातारा झाला. एकोणीस शेर गेले. मग त्यांनी चालणं सोडलं, मग विसरलेलं आठवणं सोडलं, आणि तेराव्या वर्षी त्यांनी दमणं सोडलं. एका वेळी सगळ्यात जास्त वजन गेलं ते त्या वर्षी.

पण दरबारचा तराजू दर वर्षी दोन मण तीन शेरच दाखवायचा. नऊ माशांच्या जोडव्यावर इतकं कसं तोललं जातं, हे निंबाजीला पहिल्या वर्षी कळलं नाही. दुसऱ्या वर्षी येसू बसली आणि खाटेच्या दोऱ्या तुटल्या.

येसू जनान्यात हार पुरवायची. अंगानं सडसडीत, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या इतके हात बारीक. ती तशीच दिसत राहिली. निंबाजीनं धान्याचा तराजू आणून तिला तोललं तेव्हा ती दोन मण जास्त भरली. बादशहांचे अकरा शेर गेले होते आणि येसूवर दोन मण आले होते. टाकणाऱ्याचं माप आणि उचलणाऱ्याचं माप निराळं असतं, हे त्याला पटेना. तीन वेळा तोलल्यावर पटलं.

आता ती अंगणातच असायची. घराची फरशी तिला पेलत नव्हती आणि अंगणातली जमीनही कुरकुरायची. निंबाजीनं पडवीच्या खांबावर चुन्यानं एकेका वितीवर रेघा ओढल्या होत्या, सात. लग्न होऊन आली तेव्हा येसूचं डोकं सातव्या रेघेला लागायचं. या वाढदिवशी ते सहाव्या रेघेला लागत होतं, कारण तिचे पाय जमिनीत होते.

"अहो, आज आणायचं ना?" तिनं सकाळी विचारलं.

"आणतो."

"गेल्या वर्षीही आणतोच म्हणाला होतात."

"गेल्या वर्षी दारोगा अगदी शेजारी उभा होता."

"या वर्षी काय तो बसून राहणार आहे?"

 निंबाजीनं पाण्याची घागर तिच्या जवळ ठेवली. घागर आपोआप आणखी वीतभर तिच्याकडे सरकली.

"बघा," येसू म्हणाली. "काल लिंबं आली, मग वाटी आली, मग शेजारणीची कोंबडी आली घसरत. सगळं माझ्याकडेच यायला बघतं. कोंबडीला फार राग आला होता."

"येसू, पारडं वर गेलं तर?"

"जाऊ दे वर. सात वर्षं मी त्यांना खाली धरून ठेवलंय. त्यांच्या आईनंसुद्धा एवढं धरलं नसेल."

"मग मी कुणाला दिसणार नाही. काकांसारखा."

"मला दिसाल. मी कुठं जातेय?" ती हसली, मग दमून थांबली. हसूही तिला आता उचलावं लागायचं. "आणि गेलोच तर पैठणला जाऊ. गोदावरीत पाय सोडून बसायचंय मला. बाकी काही नको. नुसते पाय तरंगले पाहिजेत."

तराजूच्या जवळच्या जाळीतून तटाखालचं हे अंगण दिसायचं. दीडशे पावलांवर होतं. येसू म्हणाली, "मी खांबाला धरून उभी राहते. जोडवं काढलंत की माझे पाय सुटतील. सुटले की मी हात वर करीन. तुम्ही बघा."

"बघतो," निंबाजी म्हणाला.

आता तो जाळीतून बघत होता. निळं लुगडं, खांब, सहावी रेघ. सगळं जागच्या जागी होतं.

खजिन्याचे मुख्य ख्वाजा अंबर यांनी पेटीची लाख फोडून दिली होती आणि ते दमून कठड्याला टेकले होते. किल्ल्यात सगळेच दमलेले असत, त्यामुळे कुणाकडे पाहून काही वेगळं वाटत नसे. पंखेवाले पंख्याला टेकत, पहारेकरी भाल्याला टेकत, आणि ताजखान सारंगीवाले तर बसल्या जागेवरून उठायच्या आधी थोडा वेळ रडून घेत.

"निंबाजी, लवकर आटप," बादशहा पारड्यातून म्हणाले. दोऱ्या ताणून ते पारड्यापासून दोन बोटं वर तरंगत होते. तरी पारडं जमिनीला टेकलेलंच होतं. "कबुतरं वाट बघतायत."

"जी, जहांपनाह. कापड तेवढं सारखं करतो."

निंबाजी वाकला आणि त्यानं मखमली कापडाची कड उचलली. पारड्याच्या खाली जोडवं होतं. जोडव्याशेजारी एक किल्ली होती. किल्लीशेजारी सारंगीची खुंटी, तिच्यापुढे एक दात, तसबीच्या माळेचा एक मणी, पंख्याची मूठ, एका चपलेचा अंगठा, काचेचा हिरवा मणी. प्रत्येक वस्तू वेगळ्या दोऱ्यानं, वेगळ्या हातानं बांधलेली. निंबाजीनं मोजलं. चाळीस.

त्यानं मान वर केली. एकोणचाळीस माणसं दुसरीकडे बघत होती.

"ख्वाजासाहेब," तो हळूच म्हणाला, "ही किल्ली तुमच्या घराची."

"माझीच."

"केव्हापासून?"

"नवव्या वर्षापासून. लाख लावायला वाकलो तेव्हा काटा केसभर कललेला दिसला. म्हटलं, चूक माझ्या अंगावर येईल." अंबर यांनी किल्लीकडे पाहिलं. "मला वाटलं मी एकटाच. माझं घर जमिनीत चाललंय, निंबाजी. दार तर कधीच गेलं. सध्या खिडकीतून आत जातो. पुढच्या वर्षी कौलं काढावी लागतील."

"खुंटी माझी," ताजखान म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाच्या सारंगीची. त्याला उचलायला आता हत्ती लागतो. हत्तीही कुरकुर करतो."

"हिरवा मणी माझा," झाडूवाली झुबेदा म्हणाली.

मग सगळे एकदम पुढं आले. बरेच हात पारड्याखाली शिरले, दांडी करकरली, पारडं डावीउजवीकडे हेलकावलं.

"अरे, हे छान आहे," बादशहा वरून म्हणाले. "पुन्हा करा."

"थांबा," निंबाजी म्हणाला. दांडी दोन्ही हातांनी त्यानं धरली. ती पिंपळपानासारखी थरथरत होती. "एकदम ओढलंत तर दांडी मोडेल, आणि मग कुणाचंच सुटणार नाही. एकेकानं काढा. मी दांडी धरतो."

"आधी कोण?"

त्या दरबारात सरबतही मानाप्रमाणे प्यायलं जायचं. दुसरं उत्तर निंबाजीला सुचलंच नाही.

"मानाप्रमाणे," तो म्हणाला. "तोलणारा शेवटी. दांडी कुणीतरी धरायला हवी."

ख्वाजा अंबर यांनी किल्ली काढली. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांची पाठ सरळ झाली, एकेक मणका करत, आणि त्यांच्या टाचा जमिनीवरून जरा सुटल्या. "या अल्ला," ते म्हणाले, आणि बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पारडं अर्धं बोट वर आलं.

दारोग्यानं दात काढला. मुनशींनी तसबीचा मणी काढला. दहा माणसं झाली तेव्हा निंबाजीनं जाळीतून पाहिलं. येसूचं डोकं सहाव्या रेघेच्या थोडं खाली होतं. चूक होत असेल म्हणून त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. चूक नव्हती.

वीस झाली तेव्हा डोकं पाचव्या रेघेवर होतं.

तेव्हा त्याला कळलं. बादशहांचं जेवढं कमी आहे तेवढंच कमी आहे. ते चाळीस जणांवर होतं. आता वीस जणांवर आहे, म्हणजे प्रत्येकावर दुप्पट. दहा उरले की चौपट. शेवटचा एक उरला की चाळीसपट. गणित सोपं होतं. बोलण्याआधीच ते त्याला शेवटपर्यंत दिसलं.

"थांबा," तो म्हणाला. "मला आधी काढू द्या."

"निंबाजी, आता माझी पाळी आहे," ताजखान म्हणाले.

"खानसाहेब, माझी बायको तिकडे..."

"माझा भाऊ आहे." ताजखान रागानं बोलत नव्हते. ते फार थकलेले होते. "मानाप्रमाणे, असं तूच म्हणालास. मी वीस माणसं थांबून राहिलो. आता मला आणखी थांबायला सांगू नकोस. उभं राहवत नाही."

त्यांनी खुंटी काढली आणि उराशी धरली. त्यांच्यानंतरचा पुढं आला. कुणी निंबाजीकडे पाहत नव्हतं. दांडीचा झोक आता इतका नाजूक झाला होता की एक हात सोडला असता तरी ती तडकली असती, आणि हे त्या खोलीत फक्त निंबाजीला ठाऊक होतं.

तीस झाली. चौथी रेघ. पस्तीस झाली. तिसरी.

पारडं वर येत होतं. बादशहा आता निंबाजीच्या छातीच्या उंचीवर होते आणि डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होते. जवळून ते फार तरुण दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एकही रेघ नव्हती.

अडतीस. दुसऱ्या रेघेच्या खाली. येसू उभीच होती. लुगडं जमिनीत जात होतं आणि ती उभी होती. हात वर नव्हता. हात खांबाला होता.

झुबेदा झाडू खाली ठेवून पारड्यापाशी आली. काचेच्या हिरव्या मण्याला तिनं बोट लावलं आणि ती थांबली.

"भाऊ, मी थांबू का?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगाल तसं."

निंबाजीनं तिच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत ती फरशीत रुतलेली होती, आणि फरशी संगमरवरी होती.  तेवढ्यात ती खाली बसली, आणि मणी तिच्या हाताबरोबर निघून आला.

"नाही हो राहवलं," ती म्हणाली.

पारडं वर आलं आणि थांबलं. दांडीची थरथर गेली. निंबाजीनं एक हात सोडला, मग दुसरा. दांडी हलली नाही. काटा हळूहळू मधल्या खाचेत आला आणि तिथंच राहिला. सोन्याचा ढीग अजून जमिनीवर होता. बाराही ढीग जमिनीवर होते. कुणी गुंजभरही काही तोलायला घातलं नव्हतं.

"काटा स्थिर झाला," ख्वाजा अंबर म्हणाले. भिंतीकडून ते आता वळले होते. नगारेवाल्यानं टिपऱ्या उचलल्या. "निंबाजी, वजन सांग."

जाळीतून पहिली रेघ दिसत होती. तिच्यावर येसूचं कपाळ होतं. खांबावरचा हात डोक्याच्या वर गेला होता, पण तो वर केलेला नव्हता. खांब सोडलेला नव्हता, एवढंच.

निंबाजीनं हात पारड्याखाली नेला.

"हलवू नकोस," बादशहा डोळे न उघडता म्हणाले. "पहिल्यांदाच मला कुणीच ओढत नाहीय. वरही नाही, खालीही नाही."

निंबाजीचा हात थांबला. बादशहांनी सांगितलं म्हणून नाही. काटा स्थिर होता, आणि तीस वर्षांत स्थिर काट्याच्या पारड्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. हात पुढं जाईना. तो त्याला ढकलत होता आणि हात पुढं जाईना. त्याची बोटं आणि जोडवं यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं, मग तीन बोटांचं.

 लांबून विणकराची पावलं येत होती. दाराबाहेरून एका फकिरानं विचारलं, "किती भरलं?"

उजव्या पारड्यात बादशहा, आणि त्याच्याखाली नऊ माशांचं एक जोडवं. डाव्या पारड्यात काही नाही. काटा सरळ.